आवळणारा एक, रेघ मारणारा दुसरा

दुसऱ्या मजल्यावरच्या रणगाडाबाईने सख्ख्या दिराची नोकरी खाल्ली, ही बातमी आमच्या इमारतीत एका सकाळी नळाच्या पाण्याआधी आली. पाण्याला वर चढायला मोटार लागते, बातमीला लागत नाही. तळमजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंनी ती जिन्यात सोडली आणि गच्चीवर पोहोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. पहिल्या मजल्यावर रणगाडाबाईने दिराविरुद्ध साक्ष दिली होती, तिसऱ्या मजल्यावर तिने त्याला दंडाला धरून गेटाबाहेर काढलं होतं, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांच्या मते या कामगिरीबद्दल तिला बढतीसुद्धा मिळाली होती.

आता, बढती मिळालेलं माणूस भर कामाच्या दिवशी, ऊन अंगावर येईपर्यंत गॅलरीत भाजी निवडत बसत नाही. पण गच्चीवरून गॅलरी दिसत नाही, त्याला कोण काय करणार! खरं असं होतं, की दिराची नोकरी गेली त्याच आठवड्यात बाईचीही गेली. साक्ष दिली हेही खरं. फक्त ती कुणाविरुद्ध दिली, तेवढंच नेमकं जिन्यात सांडलं.

रणगाडाबाई हे नाव तिला आम्हीच दिलेलं. ती लष्करी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सुरुवातीला ती बिचारी समजावून सांगायची, "रणगाडा नाही हो, चिलखती गाडी. रणगाड्याला मोठी तोफ असते. आमच्या गाडीत पाठीमागे जवान बसतात, आणि मागचं दार खाली पडलं की त्यावरून धावत उतरतात." चार-पाच वर्षं सांगून झाल्यावर तिने हात टेकले. "हो हो, रणगाडाच," म्हणायची, "उद्या एक घरी घेऊन येतेय, पार्किंग मोकळं ठेवा."

तिचं काम बोल्ट आवळायचं नव्हतं. कुठला बोल्ट आधी आवळायचा, कुठला नंतर, कुणी, कुठल्या पान्याने, किती जोराने, आणि तेव्हा माणसाने उभं कुठे राहायचं, हे सगळं ठरवायचं काम तिचं. गाडी एका शॉपमधून, म्हणजे लांबच लांब शेडमधून, पुढे पुढे सरकत जाते आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिच्यात काहीतरी बसवतं, त्या सगळ्यांच्या हातांचा क्रम तिच्या डोक्यात. घरीही तेच. चहा टाकताना आधी कप काढायचे की आधी दूध, यावर तिने नवऱ्याला एकदा पूर्ण व्याख्यान दिलं होतं. नवरा शिंपी. त्याच्या ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे संसार शांततेत चाललेला.

आणि तिची ती पिवळी रेघ! कारखान्यात महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळतात. पाहिजे तेवढा जोर लागला की पाना 'टक्' करतो. ती टक् ऐकली की आवळणाऱ्याने तिथल्या तिथे ब्रश उचलायचा आणि बोल्टच्या डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट जागचा हलला तर रेघ तुटते, लांबून दिसतं. बाईला या रेघेचं असं वेड, की घरातल्या पंख्याच्या बोल्टवर रेघ, नवऱ्याच्या शिलाई मशीनच्या पायावर रेघ, बाथरूमच्या कडीवर रेघ. "लग्नाच्या दिवशी माझ्या कपाळावर मारायची राहिली," असं शिंपी टाचण्या बाजूला करून म्हणायचा.

धाकट्या दिराला कारखान्यात तिनेच शब्द टाकून लावलं. तो घरी तिला 'वहिनी' म्हणायचा, कारखान्यात 'मॅडम'. गेटापाशी बसमधून उतरता उतरता बदल करायचा. एकदा चुकून शॉपमध्ये सगळ्यांसमोर "वहिनी, डबा राहिला" म्हणाला, तर महिनाभर सगळी लाइन त्याला 'डबा' म्हणत होती. कामावरच्या पहिल्या दिवशी तिने त्याच्या हातात पाना दिला, ब्रश दिला आणि म्हणाली, "भावोजी, एक लक्षात ठेवा. रेघ ही नुसती रेघ नाही, आवळणाऱ्याची सही आहे. दुसऱ्याच्या बोल्टवर आपली सही करायची नाही."

आणि मग तीच ते विसरली.

झालं असं, की वरून मागणी वाढली. गाड्या लवकर हव्या होत्या. मोठे साहेब रोज लाइनवर येऊन घड्याळाकडे बघायचे आणि मग बाईकडे. पाठीमागच्या दाराच्या बिजागरीपाशी गाडी अडकायची. ते दार म्हणजे आपलं दार नव्हे, अख्खा लोखंडी उतार. अंगावर आलं तर माणूस उरत नाही. दोन बाजूंना दोन बिजागऱ्या, प्रत्येकीला बोल्टांची रांग. माणूस एक बोल्ट आवळायचा, पाना खाली ठेवायचा, हात पुसायचा, ब्रश घ्यायचा, रेघ मारायचा, ब्रश ठेवायचा, परत पाना. बाई दोन दिवस तिथे उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने काम फोडलं. एकाने फक्त आवळत जायचं, दुसऱ्याने मागून फक्त रेघा मारत यायचं. पानेवाला एक, ब्रशवाला एक. ब्रशवाल्याच्या हातात पाना नको, कारण पाना दिसला की हा पुन्हा मध्ये लुडबुड करणार आणि वेळ जाणार. तो पानाही तिने काढून घेतला.

ब्रशवाला म्हणून कोण? घरचा माणूस, विश्वासाचा. धाकटा.

गाडी धडाधड पुढे सरकायला लागली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून टाळ्या वाजवल्या आणि बाईला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने दिवाणखान्यात लावलं. आम्ही सगळे बघून आलो. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्यापेक्षा दोन मिनिटं पुढे आहे." बाई हसून म्हणाली, "आम्ही पुढेच असतो."

मग सरावाच्या मैदानावरून निरोप आला. एका गाडीचं मागचं दार उघडताना एका बाजूची बिजागरी सुटली, दार तिरकं होऊन कोसळलं आणि बाहेर उभा असलेला एक जवान खाली सापडला. जिवंत होता. पायांचं काही सांगता येत नव्हतं.

बाई गाडी बघायला गेली. सुटलेल्या बाजूचे बोल्ट कुठे मातीत पडले होते ते शोधायचं काम चालू होतं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती शाबूत बाजूला गेली. तिथे सगळ्या बोल्टांवर पिवळी रेघ होती, सरळ, अखंड, कुठेही तुटलेली नाही. दिराचा हात ती ओळखायची, रेघेच्या शेवटी तो किंचित शेपूट काढायचा. तिने एका बोल्टाला बोट लावलं. घट्ट. दुसऱ्याला लावलं. घट्ट. तिसऱ्याला लावलं आणि तो बोटाने फिरला. तिच्या डोळ्यांसमोर ती सुंदर रेघ मधोमध तुटली.

संध्याकाळी घरी धाकटा आधीच येऊन बसला होता. अंगावर कारखान्याचेच कपडे. शिंपी दुकान बंद करून आलेला, टाचण्या तोंडातच राहिलेल्या.

"वहिनी, पानेवाला म्हणतो, मध्येच त्याला दुसऱ्या गाडीवर बोलावलं. आल्यावर त्याला वाटलं, ही बाजू झालीये. रेघा दिसत होत्या ना."

"रेघा तुम्ही मारल्या."

"मला वाटलं, तो आवळून गेलाय."

"म्हणजे तो तुमच्या रेघा बघून पुढे गेला, आणि तुम्ही तो पुढे गेला म्हणून रेघा मारल्या."

 धाकटा खाली मान घालून म्हणाला, "एक सांगू? एका बोल्टखालची चकती, वायसर हो, सैल होता. ब्रश टेकवला तेव्हा हाताला कळलं."

शिंप्याने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मग?" बाई म्हणाली.

"मग काय? पाना कुठे होता माझ्याकडे? लाइन थांबवायची तर सुपरवायझरला हाक मारायची. मागच्या वेळी थांबवली तेव्हा काय काय ऐकून घेतलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर म्हणाला होता, भावोजी, तुम्ही फक्त ब्रश बघा."

 हे तिचंच वाक्य होतं, जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लष्कराच्या रुग्णालयात गेली. कुणी पाठवलं नव्हतं. त्या जवानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्याची म्हातारी आई थर्मास घेऊन बसली होती. बाई उभी दिसली तशी तिने बाजूला सरकून जागा दिली आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. "घे गं, तोंड सुकलंय तुझं. तुझं कोण आहे आत?"

"कोणी नाही."

"मग?"

"ज्या दाराखाली तुमचा मुलगा सापडला ना आजी, ते दार आमच्याकडे बसवतात."

"तू बसवलंस?"

"कसं बसवायचं, ते मी ठरवलं."

म्हातारीने तिच्या हातातलं झाकण घेतलं. अर्धा चहा तसाच होता. तो तिने बेसिनमध्ये ओतला, झाकण धुतलं, पुन्हा धुतलं, पदराने पुसलं आणि थर्मासवर घट्ट फिरवून बसवलं. मग म्हणाली, "एक पाय गेलाय. आत्ता झोपलाय तो. उठायच्या आत जा."

ती गेली. बसने न जाता चालत गेली, आणि घरी पोहोचेपर्यंत अंधारून आलं होतं, एवढंच शिंप्याला ठाऊक.

इकडे मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एरवी ते खुर्ची देत नसत, तेव्हाच बाईने ओळखलं.

"हे बघा," ते म्हणाले, "फिटरने बोल्ट न बघता रेघ मारली. सरळ सरळ निष्काळजीपणा आहे. आपण त्याला काढतोय, आणि प्रकरण पोलिसांकडे जाईल. चौकशीत तुम्ही एवढंच सांगायचं, की सूचना व्यवस्थित होत्या."

"तो माझा दीर आहे, साहेब."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्या तोंडून आलं की कुणाला शंका राहणार नाही. तुम्हाला जड जाईल, मला कळतं. पण घरातली एक तरी नोकरी टिकेल."

"आणि ज्या गाड्या पुढे गेल्या, त्या?"

"एक माणूस एकदा चुकला. सगळ्या गाड्या उघडायला काय झालंय?"

"साहेब, ब्रशवाल्याच्या हातात पाना होता का, हे कुणी विचारलं?"

"कोणी विचारणार नाही," साहेब म्हणाले. धीर द्यावा तसं म्हणाले.

ती घरी आल्यावर शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. भाऊ त्याचा, बायको त्याची. कात्री चालवायची तर कापड दोन्हीकडून आपलंच. बराच वेळ तो माप घेण्याची टेप बोटाला गुंडाळत बसला. "तू गप्प राहिलीस तर तो जेलात जाईल," तो म्हणाला. "बोललीस तर आपण रस्त्यावर. मी शर्ट शिवतो गं, मला यातलं काही विचारू नकोस."

"विचारत नाहीये," ती म्हणाली. "सांगतेय."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे अधिकारी, अलीकडे एक खुर्ची. बाईने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. आवळणं आणि रेघ मारणं ही कामं वेगळी कुणी केली, तर मी. का केली, तर वेळ वाचवायला. ब्रशवाल्याचा पाना कुणी काढून घेतला, तर मी. त्या दिवसापासून आमच्याकडच्या पिवळ्या रेघेला काही अर्थ उरला नाही, आणि त्या दिवसापासून जेवढ्या गाड्या बाहेर गेल्या तेवढ्या सगळ्या परत उघडायला पाहिजेत. मोठे साहेब खिडकीबाहेर बघत होते. काखेत कळसा असलेल्या माणसाने गावभर बघावं, तसे.

एका अधिकाऱ्याने नेमकं नको तेच विचारलं. "पण रेघ मारताना बोल्ट ढिला आहे, हे त्या माणसाच्या हाताला कळलं असेल ना?"

 धाकटा दाराबाहेर बाकावर बसलेला, त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं. 'हो, कळलं होतं, त्यानेच मला सांगितलं,' एवढं एक वाक्य आणि बाई निम्मी तरी मोकळी झाली असती.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "आणि कळलं असतं तरी त्याने पुढे काय करायचं, हे मी ठरवून दिलं नव्हतं. ते ठरवायचाच मला पगार होता."

पोलिसांचं प्रकरण तिथेच निवलं. गाड्या परत मागवून उघडल्या, आणि आणखी काहींत बोटाने फिरणारे बोल्ट निघाले. लाइन पुन्हा जुन्या पद्धतीने सुरू झाली. पण कुणालातरी काढलं असं दाखवायला लागतंच. धाकट्याला काढलं. बाईला राजीनामा द्यायला सांगितलं. टाळ्या वाजवणारे साहेब आहेत तिथे आहेत.

मग ती बातमी जिन्यात सुटली. शिकवणीवाल्या बाईंनी धाकट्याला तळमजल्यावरच गाठलं. "काय रे, सख्ख्या वहिनीने असं करावं?" धाकट्याने एक शब्द जरी खरा सांगितला असता तरी सगळा फुगा फुटला असता. तो म्हणाला, "जाऊ द्या हो." झालं. 'जाऊ द्या' म्हणणाऱ्या माणसाच्या दुःखावर लोकांचा फार विश्वास असतो. महिन्याभरात त्याने दुसरीकडे खोली बघितली. सामान नेताना वहिनीच्या पाया पडला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

"त्याला म्हण ना, लोकांना खरं काय ते सांग," शिंपी एकदा म्हणाला.

"खरं सांगायला लागला तर त्याला सगळंच सांगावं लागेल," ती म्हणाली. "वायसरचंसुद्धा. राहू दे."

हे आम्हाला कसं कळलं म्हणता? शिंप्याच्या दुकानात खांद्याचं माप देताना माणसाला हलता येत नाही, आणि बारा महिने टाचण्या चावणारा माणूस एकदा त्या काढून बोलायला लागला की थांबत नाही. हे त्याने सांगितलं तेव्हा माझ्या सदऱ्याची एक बाही आखूड झाली. मी काही बोललो नाही.

घरात बदल एवढाच, की दिवाणखान्यातलं घड्याळ उतरलं. भिंतीवर गोल पांढरा डाग राहिलाय. त्यावर काही लावत का नाही, असं आम्ही विचारत नाही, म्हणजे एकदाच विचारलं. पंख्यावरची पिवळी रेघ तिने खरवडून काढली आणि मग स्टुलावर चढून पंख्याचे बोल्ट हाताने तपासले. हल्ली ती महिन्यातून एकदा तसं करते. त्या दिवशी घरात कुणी पंख्याखाली बसत नाही.

मोठ्या कारखान्यांनी तिला घेतलं नाही. जिथे अर्ज करावा, तिथे ते प्रकरण तिच्या आधी पोहोचलेलं असायचं, अगदी आमच्या जिन्यातल्यासारखं. आता ती कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला जाते. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे. मालक अंगठ्याने माप घेणारा माणूस. तो तिला बिचकून असतो. तिथे ती स्वतः पाना धरते. एवढ्याशा जाळीला पान्याची टक् ऐकल्याशिवाय सोडत नाही, आणि मग खिशातून ब्रश काढून रेघ मारते. मालक म्हणतो, "मॅडम, चोर काय रेघ बघून परत जाणार आहे का?" ती लक्ष देत नाही.

मध्यंतरी ती रुग्णालयात पुन्हा गेली होती म्हणतात. तो जवान घरी गेला होता. बाक रिकामा होता. कुठलं घर, हे कुणी तिला सांगितलं नाही, आणि तिनेही फार विचारलं नाही.

परवा शिकवणीवाल्या बाईंनी तळमजल्याच्या खिडकीला जाळी बसवून घेतली. बसवायला रणगाडाबाईच आली, पान्यांची पिशवी घेऊन. मुलं पुस्तकं मिटून बघत बसली. बाई गुडघ्यावर बसून एकेक बोल्ट आवळत होती, टक्, रेघ, टक्, रेघ. शिकवणीवाल्या बाईंच्या जिभेला खाज सुटलीच. दारात आम्ही दोघं-तिघं उभे, त्यामुळे जोरही चढलेला.

"काय दिवस आले हो! रणगाडे बनवणारी बाई माझ्या खिडकीला जाळी बसवतेय. आणि ती रेघ अजून सोडवत नाही का तुम्हाला? एवढं रामायण झालं त्या रेघेपायी, तरी आपली चालूच!"

रणगाडाबाईने हातातली रेघ पूर्ण केली. ब्रश फडक्याला पुसला. मग वर बघून म्हणाली:

"आता आवळते पण मीच आणि रेघ पण मीच मारते. ढिला निघाला तर दोन जिने चढून या आणि शिव्या घाला, घर माहीत आहे तुम्हाला. दाराखाली सापडलेल्या त्या पोराला माझं घर माहीत नव्हतं."